उष्टा धागा

सुप्...

असा तो आवाज होता. तान्ह्या मुलाच्या तळहाताचा मुका घेतला तर येईल, तेवढाच. कोरडा आणि आखूड. मी लहान होतो. दिवेलागणीला आई चुलीशी असायची आणि चाळीच्या गॅलरीत, दाराला पाठ लावून, माझे वडील बसलेले असायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या हातात लाकडी धोटा असायचा. सुप्... मग जरा वेळ काही नाही. मग पुन्हा सुप्. त्या आवाजावर मला झोप लागायची.

धोटा आता कोणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगतो. मागावर या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारं ते लाकडी होडकं. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि बाजूला एक बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची, धाग्याचं टोक भोकाशी आणायचं, बाहेरून तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. क्षणात धागा ओठांवर येतो.

आबा कापडगिरणीत, रिंगखात्यात होते. तिथं सूत काततात. कापड विणतात ते साळखात्यात, आणि साळखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आबा धीर करून तिथल्या जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे गेले, म्हणाले, मलाही माग द्या. जॉबर वाईट माणूस नव्हता, असं आबाच सांगायचे. तो म्हणाला, "राघो, तू माणूस सोन्यासारखा आहेस रे. पण धोटा एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या तोंडी जातो. तुझा उष्टा धोटा मग कोण तोंडाला लावेल?"

आबांनी हे आम्हाला हसत सांगितलं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात उष्टं हा शब्द बंद झाला. एका ताटात जेवायचं, एका पेल्यातलं प्यायचं. कोणी अर्धी भाकर ठेवली तर दुसऱ्याने ती खायची. आणि कुठूनसा एक टाकाऊ धोटा आणून आबा रोज सरावाला बसू लागले. म्हणायचे, "बोलावलं आणि आपल्याला आलं नाही, असं व्हायला नको."

बोलावणं आलं नाही. छातीच्या दुखण्याने आबा तरुणपणीच गेले.

पुढे मी त्याच गिरणीत लागलो, तोही साळखात्यात. तोवर हाताने धागा ओवायचे धोटे आले होते, तोंड लावायची गरज उरली नव्हती. आमच्यासाठी दार उघडलं ते त्यामुळेच, असं काही जण म्हणायचे. खरं काय ते मला माहीत नाही. मागांच्या दणदणाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचो आणि समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचो. ती सवय अजून गेलेली नाही. माझी बायको मीराबाई शेजारणीला सांगते, "आमचा म्हातारा टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या ऐकतो."

मग गिरणी गेली. लोअर परळच्या त्या आवारात काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. साळखात्याची एक शेड तेवढी ठेवली, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची. छपराच्या प्रत्येक दात्याला एका बाजूने काच आहे, त्यातून दिवसभर थंड, पांढरा उजेड खाली येतो. जुनं म्हणून लोकांना ते आवडतं म्हणे. त्या शेडमध्ये आता खाण्यापिण्याची दुकानं आहेत. त्यातल्या एका जपानी दुकानात माझी नात अक्षदा स्वयंपाकाला लागली.

माझा मुलगा गौतम पनवेलला राहतो. अक्षदा त्याची थोरली मुलगी. कामाला जवळ म्हणून ती डिलाईल रोडला आमच्या खोलीत राहायला आली. नोकरी कुठे लागली ते तिने सांगितलं, तेव्हा मी तिला शेजारी बसवलं. मग तिला आबांची सगळी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, आपल्या घरातली मीच पहिली त्या शेडमध्ये तोंड लावून काम करणार. चव घ्यावी लागते ना!" आणि हसली. तिचं हसणं मोठं होतं. शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

पावसाळा संपला आणि तिला खोकला लागला. कोरडा खोकला, ताप नाही, कफ नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती स्वच्छ आहे म्हणाले. थुंकी तपासली, त्यातही काही नाही. औषधं झाली, काढे झाले. पोरगी वाळत चालली. गळ्याची हाडं वर आली. दिवाळीपर्यंत तिचा आवाजच गेला, नुसती कुजबूज उरली.

"काम सोड गं काही दिवस," मीराबाई म्हणायची.

"आज्जी, मला शेवयांच्या टेबलावर घेतलंय. आता सोडलं तर परत कोण देईल?" ती कुजबुजायची. डोळे मात्र चमकायचे. ते काम तिला खरंच आवडत होतं.

एका सकाळी ती कामावर गेल्यावर मीराबाईने मला हाक मारली. अक्षदाची उशी तिच्या मांडीवर होती. उशीवर एक पांढरा धागा पडलेला.

"अभ्र्याचा असेल," मी म्हणालो.

"अवो, अभ्रा निळा आहे. आणि हा रोज असतो. मी रोज टाकते..."

मी तो धागा बोटांवर घेतला. ओलसर होता. चिमटीत पिळून पाहिला आणि ओळखला. ते गिरणीचं सूत होतं. आडव्या धाग्याचं, कांडीवरचं. असं सूत या भागात कोणी कातत नाही आता.

दुपारचं जेवण न करताच मी चपला घातल्या.

तिथं पोचलो तेव्हा ऑफिसवाल्यांची जेवणं उरकली होती. दुकान बरंचसं रिकामं होतं. लाकडी बाकं, लांब फळी, त्यामागे उघडं स्वयंपाकघर आणि वाफ. तिथला मॅनेजर हितेंद्र, उमदा पोरगा, धावत पुढे आला.

"या काका, या! अक्षदाचे आजोबा म्हणजे आपले व्हीआयपी. एसी लागतोय का? कमी करू?"

"नको बाळा. मी उकाड्यात राबलोय इथं," मी म्हणालो. त्याला ते कळलं नसावं. या शेडमध्ये थंडी कधीच नसायची, धागा तुटू नये म्हणून दमट उकाडा ठेवायचे. पण आत शिरल्यापासून मला गारठा जाणवत होता, आणि तो एसीचा नव्हता.

अक्षदाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने स्वतःच्या हाताने वाडगा भरून माझ्यापुढे आणून ठेवला. तांबूस, गढूळ रस. त्यात पिवळ्या शेवया, अर्धं अंडं, मक्याचे दाणे, कांद्याची पात, आणि कडेला उभा खोवलेला एक काळा तुकडा.

"हा कागद काढून खायचा का?" मी विचारलं.

"आजोबा, समुद्रातलं शेवाळ आहे ते. खा," ती कुजबुजली. "आणि शेवया म्हणू नका हां, रामेन. हा मिसो रामेन. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा, तो रसात कालवतात."

वाफ नाकात गेली आणि मी दचकलो. आंबूस, पिठूळ, जरा खारट वास. सूत कडक व्हावं म्हणून गिरणीत पिठाची खळ लावायचे. ती खळ टाकीत आंबली की सगळ्या शेडमध्ये असाच वास भरायचा. इतक्या वर्षांनी, त्याच छपराखाली.

"आवाज करून खायचं," अक्षदा शेजारी टेकली. "सुर्रकन ओढायचं. जपानमध्ये तसंच खातात."

मी काड्या ठेवल्या आणि चमचा घेतला. पलीकडच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, ती दोघं ओढत होती आणि एकमेकांकडे बघून लाजत होती. सुर्र... सुर्र... लांब, ओला आवाज. बरा वाटत होता ऐकायला.

आणि त्या आवाजांच्या मधून...

सुप्.

मी चमचा खाली ठेवला.

सुप्... पुन्हा. कोरडा. आखूड. माझ्या पाठीमागून, भिंतीकडच्या कोपऱ्यातून.

शेजारी अक्षदाला ठसका लागला.

मी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात एक छोटं टेबल होतं, त्यावर राखीव अशी पाटी. खुर्ची रिकामी होती.

"तिथं कोण बसतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. तिथं गिऱ्हाईक बसलं की उठून दुसरीकडे जातं. खाणं लगेच गार होतं म्हणतात. म्हणून हितेंद्रदादाने पाटी ठेवलीय." तिच्या बोटांनी एप्रनचं टोक पिळलं. "आजोबा... तुम्ही रागावणार नाही ना?"

"बोल."

"माझा पहिला दिवस होता. माझ्या हातचा पहिला वाडगा मी त्या टेबलावर ठेवला. दुकान उघडायच्या आधी, कोणी नसताना. म्हटलं, पणजोबा, या, बसा. आता कोणी अडवणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्यात मेलेल्यांना पान वाढत नाहीत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या मनातल्या मायेनं शिकवलं.

"मग?"

"मीठ बघायला त्यातली एक शेवई मी आधी तोंडात घेतली होती. अर्धी तोडली आणि अर्धी परत सोडली. आपल्या घरात चालतं ना..." तिचा आवाज आणखी खाली गेला. "नंतर वाडगा उचलायला गेले. रस तसाच होता, काठोकाठ. शेवया नव्हत्या. एकही नाही."

सुप्.

तिने तोंडावर हात धरला आणि खोकली. खोकताना तिची मान कोपऱ्याकडे किंचित ओढली गेली. माशाला गळाची ओढ लागावी, तशी.

छपराच्या काचेतून उजेड तिरका खाली येत होता. त्या उजेडात मला तो दिसला. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, पांढरा धागा. अक्षदाच्या ओठांच्या कोपऱ्यातून निघालेला, माझ्या खांद्यावरून हवेत गेलेला. मी हात आडवा घातला. हाताला काही लागलं नाही. धागा हातातून तसाच पलीकडे गेलेला दिसत होता.

थांबा, घोटभर पाणी घेतो. आवाज बसतो हल्ली. जरा जवळ सरका म्हणजे नीट ऐकू येईल.

मी बाकावर फिरून बसलो, कोपऱ्याकडे तोंड करून. आधी खुर्चीची पाठ धूसर झाली. मग दोन हात दिसले, छातीशी धरलेले, काहीतरी लांबट वस्तू धरावी तसे. मग खांदे. मग मान खाली घातलेलं डोकं.

आबा.

माझ्यापेक्षा कितीतरी तरुण. काळेभोर केस, त्यात कापसाचे कण. मी म्हातारा आणि माझा बाप तरुण. त्यांनी हात ओठांशी नेले, गाल आत गेले, सुप्... आणि धागा वीतभर त्यांच्याकडे सरकला. मग त्यांनी समोर पाहिलं. इतका समाधानी चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. माग मिळाला होता त्यांना. ज्या शेडच्या दारातून परत पाठवलं, तिथं बसायला जागा मिळाली होती, आणि घरच्याच लेकीने आपल्या तोंडचा धागा त्यांच्या हाती दिला होता.

मला भीती वाटली, खोटं नाही सांगत. पण त्याहून वाईट वाटलं. कारण मला त्यांना तिथून उठवायचं होतं.

आवाज काढून उपयोग नव्हता. मी नुसते ओठ हलवले, पूर्वीसारखे.

"आबा."

त्यांची नजर माझ्यावर आली. ओळख लागायला वेळ लागला. मग त्यांचे ओठ हलले. "गुणाजी... केवढा म्हातारा झालास."

"आबा, पोरीला सोडा."

"मी कुठं धरलंय? तिनेच दिला." त्यांनी हात ओठांशी नेले.

"तिचा श्वास येतोय त्या धाग्यातून. ती मरेल, आबा..."

ते थांबले. त्यांनी अक्षदाकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांनी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं, वर आलेली हाडं, खोल गेलेले डोळे. तोवर ते फक्त धाग्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा कळवळला. हात मात्र खाली आले नाहीत.

"सुटत नाही रे," ते म्हणाले. "चालू माग मधेच सोडता येत नाही. दुसरा कोणीतरी धागा घ्यावा लागतो."

"मी घेतो."

"तुला येतो ओढता?"

"माझ्या वेळी तोंड लावत नव्हते, आबा."

ते हसले. लहानपणी गॅलरीत हसायचे तसे. मग त्यांनी गाल आत घेऊन दाखवलं, हळू, मला कळेल असं. ओठ किती मिटायचे, जीभ कुठे ठेवायची. पोराला शिकवावं तसं.

"आजोबा, कोणाशी बोलताय?" अक्षदाने माझा दंड धरला. तिला फक्त रिकामी खुर्ची दिसत होती. "तुमचे ओठ हलतायत... मला भीती वाटते..."

"बाळ, माझ्या वाडग्यातली एक शेवई घे," मी म्हणालो. "अर्धी तोंडात घे. तोडू नकोस."

"का?"

"म्हाताऱ्याचा हट्ट समज."

तिने काड्यांनी एक लांब शेवई उचलली आणि टोक ओठांत धरलं. दुसरं टोक मी धरलं. पलीकडची ती पोरगी आमच्याकडे बघून फिसकन हसली, "सो क्यूट" असं काहीसं म्हणाली. हितेंद्रने लांबून अंगठा वर केला. आजोबा आणि नात, एक शेवई. दिसायला गंमतच होती.

मी ओठ मिटले. आबांनी दाखवली तशी जीभ खाली दाबली. श्वास आत ओढला.

सुप्.

शेवई तिच्या ओठांतून सुटून माझ्या तोंडात आली. मी गिळली. तिच्यामागून अजून काहीतरी आलं, गार, बारीक, न संपणारं. मी तेही गिळत राहिलो. उजेडातला पांढरा धागा अक्षदाच्या ओठांपासून सुटला, हवेत जरा हेलकावला आणि माझ्याकडे वळला.

अक्षदाने श्वास घेतला. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा, मोठा, खोल. मग ती म्हणाली, "आजोबा!" खणखणीत. तिचा जुना आवाज. तिलाच तो ऐकून धक्का बसला. तिने गळ्याला हात लावला, पुन्हा म्हणाली, "आजोबा, आवाज आला माझा! हितेंद्रदादा, ऐकलंस का?" आणि ती हसली, तेच मोठं हसणं, सगळी शेड भरून. फळीमागची माणसं टाळ्या वाजवायला लागली. कोणीतरी ओरडलं, "आजोबांना अजून एक बाऊल!"

मला तिला काही सांगायचं होतं. जीभ हलेना. जिभेच्या मुळाशी काहीतरी बसलं होतं, सुतासारखं, आणि त्याला हलकीशी ओढ होती.

कोपऱ्यात आबा उठून उभे राहिले होते. पाळी सुटताना आम्ही मागावरचा कापूस झटकायचो, तसा त्यांनी टेबलावरून एकदा पालथा हात फिरवला. त्या जागेकडे बघत राहिले. मग बाकांच्या मधून चालत माझ्याकडे आले. ते जवळून गेले तेव्हा पलीकडच्या पोरीने अंगावर ओढणी घेतली. त्यांच्या हातात आता धोटा नव्हता. धाग्याचं टोक होतं, तर्जनीला गुंडाळलेलं.

"आबा," मी ओठांनी विचारलं, "आता सुटलात ना? घरी चला."

ते थांबले. माझ्या गालावरून त्यांनी हात फिरवला. गार हात, पण माया तीच.

"आबा... हे टोक सोडा आता. कुठं निघालात?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी काय म्हणालो ते त्यांना कळलं होतं. त्यांनी मान फिरवली आणि टोक तसंच बोटाला ठेवून दाराकडे चालू लागले, आणि त्यांच्या प्रत्येक पावलागणिक माझ्या छातीतून धागा सुटत गेला.